एका डोळ्याची कळलावी

तो कप चुकून फुटला असं मला कोणी सांगू नये. मी तिथंच बसले होते, दोन हातांवर. हैबतरावानं तो गंगीच्या हातातून घेतला, आतला चहा मोरीत ओतला आणि कप फुटक्या मालाच्या टबात टाकला. चुकून फुटणाऱ्या कपातला चहा आधी कोणी ओतून देत नाय.

आता सुरुवातीपासून सांगते, नायतर तुम्ही म्हणाल ही बाई उगाच तापली. तापते मी, ते खरं हाय. माझा नवरा जनू कंपनीतून शिफ्ट करून आला की दारातूनच विचारतो, "आज कोणावर?" पण या वेळचं तापणं उगाच नाय.

मी सगुणा. माहेर पेणच्या खाडीकडचं. बाप मिठागरावर, आणि आई न मी पेणला गणपतीच्या कारखान्यात रंगकामाला. लग्न होऊन रोह्याला आले, वरसेला. इथं मुंबईच्या एका मॅडमनी पत्र्याची शेड घेऊन चिनी मातीच्या कपबशा रंगवायचं काम काढलं. पांढरे कोरे कप बाहेरून येतात. आम्ही बायका त्यांच्यावर हातानं फुलं काढतो, मंग ते विजेच्या भट्टीत जातात. भट्टीतून आलं की रंग कपाचाच होतो, काथ्यानं घासा नायतर राखेनं, जात नाय. भट्टीच्या आधी मात्र ओलं फडकं फिरवलं की साफ. एवढं ध्यानात ठेवा, पुढं लागेल.

पहिल्यांदा मॅडम म्हणाल्या, गुलाब काढा. विलायती गुलाब, पुस्तकात बघून. आम्ही काढले. सगळे कोबीचे गड्डे झाले. आमच्यातली नंदा तर म्हणाली, "मॅडम, ह्याची भाजी करायची का?" मॅडम हसल्या. तशी बाई वाईट नाय हो, आवाज चढवत नाय, रंग घोटायला स्वतः बसते, तेल किती घालायचं ते हात धरून शिकवते. म्हणून तर जास्त राग येतो. वाईट माणसाचा एवढा येत नाय.

मंग त्या गंगीकडे वळल्या. गंगी खांब गावाच्या बाजूच्या कातकरी वाडीतली. रोज टमटममध्ये कोंबून घेऊन यायची. मॅडम तिला म्हणाल्या, "गंगी, तू आदिवासी ना? मग तू ती पांढरी नाचणारी माणसं काढ. गोल करून नाचतात ती."

गंगीनं कप खाली ठेवला. "ती वारल्यांची माणसं, मॅडम. आमी कातकरी. आमाला नाय येत."

"पण तुमच्या भिंतीवर असतील ना?"

"आमच्या भिंतीवर मोबाईल टांगायचा खिळा हाय," गंगी म्हणाली.

अगो बाय, आम्ही काय हसलो! मॅडमही हसल्या. मंग गंगीनं विचारलं, माझ्या मनचं फूल काढू का, आणि त्या बरं म्हणाल्या. तेव्हा तिनं कळलावी काढली. तुम्ही पाहिली असेल पावसाळ्यात कुंपणाला. लाल-पिवळ्या पाकळ्या वर उलटलेल्या, आणि खाली सहा तुरे चौफेर पसरलेले. घरात आणली तर भांडण लागतं म्हणून आमच्याकडे कोणी तोडत नाय. गंगीनं ती कपावर अशी काढली की मॅडम खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या. गुलाब गेले. शेडमध्ये कळलावी सुरू झाली.

काम वाटून कसं घ्यायचं ते मी शिकवलं, पेणच्या पद्धतीनं. गणपतीच्या कारखान्यात एक जण अंगाचा रंग मारतो, एक पितांबर करतो, एक दागिने. डोळे सगळ्यात शेवटी. आणि डोळे करणारा हात वेगळा असतो. त्या कामाला आखणी म्हणतात. तसंच आम्ही केलं. नंदा पानं करायची, मी पाकळ्या. त्या एकदा भट्टीत पक्क्या करून घ्यायच्या. मंग गंगी तुरे काढायची. बारीक ब्रश, श्वास धरून एकेक तुरा, न उचलता, आणि टोकाला आडवा ठिपका. तुरे झाले की फूल बघायला लागतं. आम्ही त्याला फुलाचे डोळेच म्हणायचो. मंग दुसरी भट्टी.

आता पेणचा एक नियम सांगते. मूर्तीचा एक डोळा ज्यानं काढला, दुसराही त्यानंच काढायचा. मधे दुसऱ्या कोणाचा हात लागता कामा नाय. आमच्या कारखान्यात आखणीला दाजी होते. मी लहान असताना त्यांना एका मोठ्या मूर्तीचा एक डोळा काढून झाल्यावर थंडी वाजून ताप भरला. गिऱ्हाईक दारात ट्रक घेऊन उभं. मालकाचा मुलगा स्वतः हुशार, पण त्यानं ब्रश धरला नाय. मूर्तीवर धुतलेलं धोतर टाकलं आणि ट्रकवाल्याला सांगितलं, बस, चहा पी. दाजी आले, घोंगडी पांघरूनच दुसरा डोळा काढला, आणि मंग देव गेला. दोन हातांचे दोन डोळे झाले तर देव तिरळा होतो, अशी आमची समजूत. तुम्हाला हसू आलं तर हसा. पण आमच्या हातात हे लहानपणापासून बसलेलं हाय, ते आता निघायचं नाय.

तर मॅडमनी दिवाळीच्या प्रदर्शनासाठी डझन कपांचा सेट काढला होता. माझ्या पाकळ्या भट्टीतून आल्या होत्या. गंगीनं निम्म्या कपांचे डोळे पुरे केले होते आणि पुढच्या कपावर तीन तुरे काढून झाले होते, तेवढ्यात दुपारचा चहा आला.

चहा टपरीवरून येतो, किटलीत. आम्हाला स्टीलचे ग्लास हायत. दिवसभर कपाच्या राशीत बसायचं आणि चहा प्यायचा स्टीलच्या ग्लासात, ओठ भाजत. त्याचं कधी वाईट वाटलं नव्हतं, खोटं कशाला बोलू. त्या दिवशी गंगीचा ग्लास सापडेना. तिनं बाद मालाच्या फळीवरून एक कप उचलला. तिच्याच हातची कळलावी, दांड्यापाशी ग्लेझला बारीक फोड आलेली, म्हणून बाद. त्यात चहा ओतून घेतला. मला म्हणाली, "सगुणाबाय, बघ गो. आतून चहाचा रंग न बाहेरून कळलावी. माझ्याच फुलातून पिते आज."

आणि नेमके तेव्हाच पाहुणे आले. कोलाडला फिरायला निघालेले, मॅडमच्या ओळखीचे, एक बाई आणि तिचा नवरा. बाईनं गंगीला बघितलं, हातात कप, मागं खिडकीचा उजेड. "किती सुंदर! हलू नका हं," म्हणाली न फोटो काढला. मंग म्हणाली, "मला हाच कप हवाय. हिच्या हातातला."

बास. एवढंच झालं.

हैबतराव आमचा सुपरवायझर. वरसेचाच माणूस, बाहेरचा नाय. तो लगबगीनं आला न म्हणाला, "तो नको मॅडम, तो उष्टा हाय. तुम्हाला फ्रेश पीस देतो." आणि गंगीच्या हातातून कप घेतला. ती बिचारी तोंडात घोट धरून बसलेली. त्यानं चहा मोरीत ओतला, कप टबात टाकला. खळ्ळकन आवाज झाला. गंगीचा हात कप धरल्यासारखा तसाच वर राहिला.

पाहुण्या बाईचं तोंड उतरलं. "अहो, धुवून दिला असता तरी चाललं असतं," ती म्हणाली.

हैबतराव तिच्याकडे झुकला आणि हळू बोलला, पण मला ऐकू आलं, माझे कान शाबूत हायत. "कातकरीण हाय हो ती."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी मॅडमकडे बघितलं. त्यांनीही ऐकलं होतं. त्यांचा चेहराच सांगत होता. आता बोलतील, मंग बोलतील. त्यांनी पाहुणीला दुसऱ्या फळीकडे नेलं. जाता जाता गंगीच्या खांद्याला बोट लावलं न म्हणाल्या, "हायजीनचा प्रश्न असतो गं. समजून घे."

हायजीन! अहो, मॅडम स्वतः रोज कॉफी पितात ती सॅम्पलच्या कपात. प्यायल्या की कप धुतात न परत फळीवर. मागं फोटो काढायला माणसं आली होती, त्यांनी अख्ख्या सेटमधून कोकम सरबत प्यायलं, मी स्वतः धुतला तो सेट, पुसून खोक्यात भरला न तो विकला गेला. तेव्हा कुठं गेलं होतं हायजीन? पेणला गेलं होतं का एसटीनं?

आणि हे दुखणं मुंबईहून आलंय असंही मी म्हणणार नाय. माझी सासूसुद्धा भाताच्या लावणीला आलेल्या कातकरणीचा ग्लास गोठ्याच्या वळचणीला खोचून ठेवायची. आपल्याच घरातली घाण हाय ही. पण सासू निदान तिला कलाकार म्हणून तिचा फोटो काढत नव्हती. हे लोक फोटोला गंगी घेतात न कपाला नको म्हणतात.

मी उभी राहिले. म्हणाले, "हैबतराव, कप का फोडला?"

"सगुणाबाई, तुम्ही तुमच्या पाकळ्या बघा."

"पाकळ्या बघूनच बोलते. त्या पाकळ्या माझ्या होत्या. नंदाची पानं होती. ते नाय उष्टे झाले?"

नंदा मान खाली घालून पानं रंगवत राहिली. बाकीच्याही मूग गिळून बसल्या. मला त्यांचाही राग आला, पण तो नंतर बघू म्हटलं. तेवढ्यात गंगी उठली. रडली नाय, ओरडली नाय. तोंडातला घोट तिनं मोरीत थुंकला. पदरानं हात पुसले न मला म्हणाली, "जाते गो." तिचा ब्रश तेलाच्या वाटीत तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी ती आली नाय. त्याच्या पुढच्या दिवशीही नाय.

इकडे काय झालं, त्या पाहुण्या बाईनं मुंबईला जाऊन फोन केला. हाच डझनाचा सेट मला द्या, आणि खोक्यावर त्या कलाकार बाईचा फोटो छापा. मॅडम खूश. प्रदर्शनात सेट ठेवायचा, वर 'विकला गेला' अशी पाटी, शेजारी गंगीचा फोटो. त्यांनी मोबाईलवर मला दाखवला. गंगी हसतेय, हातात कप. तो कप टबात तुकडे होऊन पडलेला, मी इथून बघत होते.

"सगुणा, उरलेले तू पूर्ण कर," मॅडम म्हणाल्या.

"मला नाय जमायचं."

"तुझा हात चांगला आहे गं."

"हात चांगला हाय म्हणूनच नाय जमायचं," मी म्हणाले. त्यांना दाजींची गोष्ट सांगितली. सांगितलं, ज्या कपावर तीन तुरे झालेत तो एका डोळ्याचा झालाय. दुसऱ्याचा हात लावला तर तिरळा होईल. त्यांनी ऐकून घेतलं, मान हलवली न म्हणाल्या, "पण सगुणा, हे फूल आहे. देव थोडाच आहे?"

मी परत माझ्या पाकळ्यांना लागले.

हैबतरावानं आपली पुतणी आणली, मनस्वी. पोर गुणी, कॉलेजात चित्रकलेचं शिकते. तिचा काय दोष? तिनं दिवसभर बसून उरलेले सगळे तुरे काढले. वाईट नव्हते. पण गंगीचा तुरा बाहेर फेकल्यासारखा जायचा, हिचे शिवणकामाच्या टाक्यासारखे एकसारखे. त्या एका डोळ्याच्या कपावर तर तीन तुरे इकडे बघतायत न तीन तिकडे. संध्याकाळी सगळे भट्टीत लावायला ट्रेमध्ये ठेवले. मनस्वी हात धुवायला गेली. मी माझं फडकं पाण्यात बुडवलं, पिळलं, आणि तिनं रंगवलेला एकेक कप घेऊन पुसला. माझ्या पाकळ्या पक्क्या होत्या, त्यांना काय होतंय? मनस्वीचे तुरे गेले. एका डोळ्याच्या कपावर मात्र जपून, फक्त तिचे तीन. गंगीचे तीन मी राखले.

हैबतरावानं बघितलं न बोंबच ठोकली. "मॅडम, हिनं नुकसान केलं! दिवसाचं काम पाण्यात घातलं! हिला काढा!"

"काढा," मी म्हणाले. "पण पाकळ्या करणारा दुसरा हात आधी आणा. आणि नुकसानीचं तुम्ही बोलू नका. फोडाफोडी मला येत नाय, मी नुसतं पुसलं."

तेव्हा नंदानं ब्रश खाली ठेवला. हात मांडीवर घेऊन बसली. मंग पलीकडच्या सरूनं ठेवला. मॅडमनी आम्हा सगळ्यांकडे बघितलं. मंग म्हणाल्या, "गंगीचं घर तुला माहीत आहे का?"

अडला हरी म्हणतात ना, तसं झालं. म्हणीचा पुढचा भाग मी बोलत नाय, कारण गंगी काय गाढव नाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीतून आम्ही निघालो. मॅडम, मी, आणि मागं डोळे नसलेल्या कपांचं खोकं मांडीवर धरून हैबतराव. मॅडमनीच त्याला घेतलं. म्हणाल्या, "तुम्ही तिला सॉरी म्हणा, विषय संपेल." खांबला हायवे सोडला की थोडं पुढं गाडी जाते, मंग बांधावरून चालायचं. भात पिवळं झालं होतं. हैबतराव खोकं सांभाळत, घसरत, शिव्या गिळत मागून येत होता. मी एकदाही त्याला हात दिला नाय.

गंगी अंगणात लाकडं फोडत होती. आम्हाला बघून कुऱ्हाड बाजूला ठेवली. आम्हाला या म्हणाली. शेजारून मॅडमसाठी प्लास्टिकची खुर्ची आणली, मला चटई टाकली, हैबतरावाला म्हणाली, "बसा भाऊ." तो उभाच राहिला.

"गंगी, झालं ते झालं," मॅडम म्हणाल्या. "हैबतराव सॉरी म्हणायला आलेत."

"सॉरी," हैबतराव खोक्याकडे बघून म्हणाला.

"चहा घेता ना?" गंगीनं विचारलं, जसं काही ऐकलंच नाय.

"मला ॲसिडिटी हाय," हैबतराव पटकन बोलला. मॅडमनी त्याच्याकडे बघितलं, मंग माझ्याकडे. मी त्यांच्या तोंडाकडे टक लावून बसले होते. "घेते की," त्या म्हणाल्या.

गंगी आत गेली. गवती चहाचा वास आला. बाहेर आली तेव्हा माझ्यासाठी स्टीलचा ग्लास होता, न मॅडमसाठी कप. मी तो लगेच ओळखला. मागच्या दिवाळीला मॅडमनी आम्हा प्रत्येकीला बाद मालातला एकेक कप दिला होता, वर लाल फीत बांधून. माझा टीव्हीच्या वर हाय. गंगीनं तिचा जपून ठेवलेला, फीतसुद्धा दांड्याला तशीच होती. ती तिनं आता सोडली होती.

मॅडम प्यायल्या. कोरा चहा, पूर्ण प्यायल्या. त्यांच्याबद्दल जे खरं ते सांगते. तोंड वाकडं केलं नाय. "छान झालाय," म्हणाल्या न कप परत दिला.

गंगी कप घेऊन पाण्याच्या पिंपापाशी बसली. चुलीतली राख घेतली, काथ्या घेतला, कप आतून घासला, बाहेरून घासला, दांडा घासला. दोनदा पाणी घातलं. पदरानं पुसला. उजेडात धरून बघितला. मंग उठून सरळ हैबतरावापाशी गेली न कप त्याच्यापुढं धरला.

"घ्या भाऊ. फोडा."

"काय?"

"फोडा. ह्याच्यात मॅडम प्यायल्या. उष्टा झाला."

हैबतरावानं खोकं खाली ठेवलं. कप तिनं त्याच्या हातात दिलाच, त्याला धरावा लागला. तो मॅडमकडे बघायला लागला. मॅडम जमिनीकडे बघत होत्या. शेजारच्या दोन बाया दारात येऊन उभ्या राहिल्या.

"असं काय करतेस," तो म्हणाला. "चांगला कप. धुतलायस की तू."

"मंग माझा का नाय धुतला?"

हैबतराव एवढा बोलका माणूस, टपरीवर उभा राहिला की अर्धा तालुका चालवतो. इथं नुसता कप दोन्ही हातात धरून उभा, ना ठेवता येतोय ना टाकता येतोय.

"गंगी, अगं..." मॅडमनी सुरुवात केली.

"थांबा मॅडम. तुमाला येगळं इचारायचं हाय," गंगी म्हणाली. "तो कातकरीण बोलला ते तुमी ऐकलं का नाय?"

मॅडम म्हणाल्या, "ऐकलं."

"मंग मला हायजीन का सांगितलंत? मी येडी हाय? मला काय झालं ते मला कळत नाय?"

मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. मला त्याचं काही वाटलं नाय, खरंच सांगते. ज्या दिवशी यायला पाहिजे होतं त्या दिवशी नाय आलं.

मी ओटीत ठेवलेला गंगीचा ब्रश काढला, तेलात धुऊन आणलेला. गंगीनं बघितला न भुवई वर केली. "म्हंजे तू ठरवून आलीस व्हय गो? इथं बसवून माझ्याकडून डोळे काढून घ्याया?"

"नाय गो," मी म्हणाले. "ब्रश तुझा हाय. तिथं नको म्हणून आणला. काय करायचं ते तुझं तू बघ."

तिनं ब्रश घेतला. खोक्यातून वरचा कप काढला, तोच, तीन तुऱ्यांचा. बोट त्या तुऱ्यांच्या शेजारून फिरवलं, न पुसता. एका क्षणी मला वाटलं, काढते आता. तिलाही वाटलं असणार, कारण तिनं श्वास धरला होता, तुरा काढताना धरायची तसा. मंग सोडला. कप परत खोक्यात ठेवला न खोक्याची झाकणं मिटली.

"हे घेऊन जा," ती म्हणाली. "तिथं, शेडमध्ये, सगळ्यांच्या देखत, ह्यानं मला चहा द्यायचा. कपात. मी पिणार. मंग ह्यानं तो धुवायचा न फळीवर ठेवायचा, इकायला. त्या दिवशी डोळे काढीन. सगळे काढीन, बसल्या बैठकीला. तोपर्यंत फोटो पण लावू नका माझा." आणि हैबतरावाच्या हातातला आपला कप काढून घेतला, आत नेऊन ठेवला.

आम्ही परत आलो. बांधावरून हैबतराव खोकं घेऊन पुढं चालला होता, एकदाही मागं वळला नाय. गाडीत मॅडम म्हणाल्या, "हैबतराव, कराल ना?" तो खिडकीबाहेर बघून म्हणाला, "बघू मॅडम. गावात राहायचं असतं मला." त्याला गावात राहायचंय. आणि गंगी जशी चंद्रावर राहते! मॅडमनी एवढं ऐकलं न पुढं दाबून विचारलं नाय. अजून विचारलेलं नाय.

खोकं आता शेडमध्ये फळीवर हाय. मी त्याच्यावर धुतलेलं फडकं टाकलंय, दाजींच्या मूर्तीवर धोतर टाकलं होतं तसं, आणि त्याला कोणाचा हात लागू देत नाय. प्रदर्शन जवळ आलंय. मुंबईहून त्या पाहुणीचे फोन येतात. किटली दुपारी येते, ग्लास येतात, आणि ग्लास आले की नंदा आधी आपला पालथा घालते, मंग सरू, मंग मी, मंग बाकीच्या. चहा किटलीत गार होतो. हैबतराव टपरीवर जाऊन एकटा पितो.

काल मॅडम माझ्यापाशी येऊन बसल्या. दमल्यासारख्या दिसत होत्या. "सगुणा," म्हणाल्या, "किती वेळ चालणार हे?"

"एक कप धुवायला लागतो तेवढाच, मॅडम," मी म्हणाले.

ग्लास अजून पालथेच हायत.